फुडं लागंल

घरातल्या कुणाचा फोटो मोठा करून लावायची वेळ येते ती बहुधा ते माणूस गेल्यावर. मग ट्रंका उघडल्या जातात, अल्बम निघतात, सगळ्यांचे मोबाइल चाळून होतात आणि लक्षात येतं, की ज्या माणसाभोवती अख्खं घर फिरत होतं, त्याचा एकट्याचा, सरळ समोर बघणारा फोटोच नाही. सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेतला, अर्धा खांदा दुसऱ्याच्या आड गेलेला. तो घेऊन मुलगा नाहीतर नातू स्टुडिओत जातो आणि म्हणतो, “यातला एवढाच चेहरा मोठा करून द्या. तेराव्याच्या आत पाहिजे.”

मीडियम फॉरमॅट कॅमेरा घ्यावा की नाही, हा माझा बरेच दिवस चाललेला विचार त्या स्टुडिओच्या काउंटरपाशी सुरू होतो. बरोबरीचे फोटोग्राफर या विषयावर बोलतात ते भिंगांच्या धारेबद्दल, रंगांच्या खोलीबद्दल, पाठीमागच्या धूसरपणाबद्दल. ते सगळं खरं आहे आणि मलाही ते आवडतं. पण मी फोटो काढते ते सांगली-तासगाव भागातल्या म्हाताऱ्या माणसांचे, त्यांच्याच घरी जाऊन. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच, की एका चेहऱ्याला फोटोत किती जागा मिळायला हवी.

आज माझ्या गळ्यात असतो त्या कॅमेऱ्याचा सेन्सर २४ बाय ३६ मिलिमीटरचा. हे माप ऑस्कर बारनाकनं सिनेमाची फिल्म आडवी चालवून रूढ केलं. १९२५ साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा कोटाच्या खिशात मावू लागला. जगातली किती उत्तम छायाचित्रं त्या मापानं दिली, त्याला गणती नाही. माझा कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, म्हणजे आडव्या बाजूला सहा हजार ठिपके. लग्नातल्या ग्रुप फोटोत एक चेहरा रुंदीचा विसावा भाग व्यापत असेल, तर त्याच्या वाट्याला तीनशे ठिपके येतात. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. म्हणजे तो चेहरा खऱ्या अर्थानं एका इंचाएवढाच आहे. भिंतीवर तो आठ इंचांचा करायचा, तर उरलेलं कुठून तरी आणावं लागतं. पूर्वी स्टुडिओतला टचिंगवाला ब्रशनं आणायचा. आता संगणक आणतो. कातडी गुळगुळीत, डोळ्यांत नसलेली चमक, कपाळावरच्या आठ्या पुसलेल्या. घरचे लोक हार घालतात, उदबत्ती लावतात, आणि सूनबाई हळूच म्हणते, “मामंजींसारखे वाटत नाहीत.” त्या चौकटीत ते नसतातच. त्यांच्या जागी कुणीतरी बसवलेलं असतं. मला ही गोष्ट फार लागते. माणूस गेलं ते गेलंच. त्याचा चेहराही आपण सांभाळू नये?

मीडियम फॉरमॅट म्हणजे या मापाहून मोठं, पण जुन्या, काळ्या पडद्याच्या कॅमेऱ्यातल्या सुट्या प्लेटांहून लहान. त्याची १२० नंबरची रोल फिल्म कोडॅकनं १९०१ मध्ये आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढली आणि ती आजही बनते. तिच्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचा चौकोन काढला, तर प्रत्यक्षात तो ५६ मिलिमीटरचा भरतो. क्षेत्रफळ माझ्या सेन्सरच्या साडेतीन पटींहून जास्त. फूजीफिल्म आणि हॅसलब्लाड यांच्या आजच्या डिजिटल मीडियम फॉरमॅटचे बहुतेक सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटरच्या आसपासचे असतात, म्हणजे पावणेदोन पटींच्याही जरा खालीच. नाव एकच असलं, तरी दोन्हींत एवढं अंतर आहे.

हे वाचून वाटेल, की ही व्यावसायिकांची, पैसेवाल्यांची चैन. पण आपल्या घरांत हे माप फार पूर्वीच येऊन गेलंय. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला आगफा क्लिक थ्री आठवतो का? काळा, हलका, साध्या भिंगाचा, बटण दाबलं की ‘टक्’ करणारा. मास्तरांच्या, पोस्टातल्या कारकुनांच्या, नोकरी करणाऱ्या मामांच्या घरी असायचा तो. त्यात घालायचा तो १२० चाच रोल, कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’, आणि त्यावर यायचे बारा चौकोनी फोटो. एनलार्जरवर घालून मोठे करायला पैसे पडत, म्हणून स्टुडिओवाला निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचा काँटॅक्ट काढून द्यायचा. जुन्या अल्बममधले ते सव्वादोन इंची, पांढऱ्या काठाचे फोटो, काळ्या जाड कागदावर कोपऱ्यांत अडकवलेले आणि मध्ये बटर पेपर, ते हेच. आपण ते लहान म्हणून बघत आलो. खरं तर त्या प्रिंटमध्ये डोळ्यांना दिसायचं त्याच्या कितीतरी पट निगेटिव्हमध्ये उतरलेलं असायचं. कुणी विचारलंच नाही म्हणून ते तिथंच पडून राहिलं.

आमच्या आजीचा फोटो असाच मिळाला. मामाच्या मुंजीतल्या एका चौकोनात ती उजव्या कडेला, हातात ताम्हन घेऊन उभी आहे. प्रिंटमध्ये तिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. निगेटिव्ह मात्र पारले बिस्किटांच्या जुन्या डब्यात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून राहिलं होतं. मी ते दिव्यासमोर धरलं आणि भिंगातून पाहिलं. काळ्या-पांढऱ्याच्या उलट्या जगात तिच्या नथीचा आकडा, कानामागे सरकवलेला पदर, खालच्या ओठाची ती एका बाजूला झुकलेली रेघ, सगळं होतं. क्लिक थ्रीच्या भिंगाची धार ती काय असणार! पण जागा मुबलक होती. साध्या भिंगानंही त्या जागेत पुरेसं ठेवून दिलं होतं. मोठा केलेला तो फोटो पाहून माझी आई, सत्तरी ओलांडलेली बाई, चौकटीजवळ गेली आणि म्हणाली, “हिला इथं तीळ होता हे मी विसरलेच होते.”

मग प्रश्न आला, आता मीडियम फॉरमॅटचा कोणता कॅमेरा घ्यायचा? मैत्रिणीनं तिचा डिजिटल मीडियम फॉरमॅट वापरायला दिला आणि तो घेऊन मी मिरजेला गेले, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत. तिथल्या एका कारागिराच्या दुकानात उजेड रस्त्याच्या बाजूनंच येतो आणि आत जाता जाता विझत जातो. वर टांगलेले पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे, खाली भुसा, लाखेचा वास. दुकानातले आजोबा जवारी काढत होते. घोडीच्या माथ्यावर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एकदा कानस, मग तारेखाली सुताचा धागा सरकवत न्यायचा. एका जागी तार अशी उघडते, की तिच्या पोटातले सगळे सूर एकदम बाहेर येतात. मी माझ्या आणि मैत्रिणीच्या, दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच जागेवरून त्यांचे फोटो काढले.

बारा बाय अठरा इंचांवर दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले, तर सांगूनही ओळखू येईना. दोन फुटांच्या वर गेल्यावर फरक बोलू लागला. तो धारेत कमी आणि गालावर जास्त होता. उजेडातला गाल सावलीत वळतो ती जागा माझ्या कॅमेऱ्यात एका पट्टीसारखी होती. दुसऱ्यात तिथं पायऱ्याच नव्हत्या, नुसता उतार होता. नखाच्या कडेला बसलेली लाख, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा, बोटाच्या पेरावर तारेनं पाडलेली चीर, सगळं आपापल्या जागी शांतपणे बसलेलं. मोबाइलवर यातलं काहीच दिसत नाही. ज्यांचे फोटो मोबाइलवरच जगायचे आहेत, त्यांनी यात पैसे घालू नयेत, असं मी मनापासून सांगेन.

लहान कॅमेऱ्याची बाजूही कमकुवत नाही. वारीत, रिंगणात घोडा सुटतो तेव्हा, जत्रेत पालखीवर गुलाल उधळतो त्या क्षणी मला तोच हवा. पण मीडियम फॉरमॅट गर्दीत चालत नाही, हे मात्र मी मानत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला साडी नेसून, खांद्याला सामान अडकवून दिल्लीच्या समारंभांत रोलायफ्लेक्सनं फोटो काढत होत्या. स्वातंत्र्याच्या दिवसांतली किती दृश्यं आपण त्यांच्या डोळ्यांनी पाहिली! हात बसला की माप आड येत नाही.

डिजिटलकडे कल जवळजवळ झालाच होता. किंमत लाखांत, पण हप्ते बसले असते. मन फिरलं ते तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर. बेदाण्याच्या शेडशेजारचं घर. तिथल्या आक्कांचं वय त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. मी फोटो काढले, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, “ह्यातला येक मोठा करून दे गं बाई. फुडं लागंल.” सहजपणे, बाजाराच्या यादीत मीठ सांगावं तसं. थोड्या वेळानं म्हणाल्या, “आन् तू न्हाई आलीस तर पोरांनी कुनाकडं जायाचं?”

या प्रश्नाला डिजिटल कॅमेऱ्याकडे उत्तर नाही. शंभर मेगापिक्सेलची फाइल माझ्या हार्ड डिस्कवर राहणार, तिच्या प्रती मी करत राहायला हव्यात, डिस्क बदलत राहायला हव्यात, आणि माझ्यानंतर कुणाला तरी तो फोल्डर उघडावासा वाटायला हवा. त्या घरात संगणक नाही. पेन ड्राइव्ह देऊन काय करतील? निगेटिव्हला यातलं काही लागत नाही. ते नुसतं उजेडासमोर धरलं तरी आत माणूस आहे हे कळतं.

म्हणून जुना याशिका मॅट १२४ जी घ्यायचं ठरवलं आहे. दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा. काचेवर चित्र उजवं-डावं उलट दिसतं, त्याची सवय होते. कॅमेरा पोटाशी असतो, त्यामुळे समोरच्याला माझा चेहरा सतत दिसत राहतो. ऐंशी मिलिमीटरचं भिंग एका मीटरच्या आत फोकस होत नाही, तेव्हा कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा खुपसणं होणारच नाही. रंग मात्र सोडावे लागतील. कृष्णधवल रोल मी घरी धुऊ शकते. रंगीत निगेटिव्ह धुणाऱ्या लॅब मोजक्या शहरांत उरल्या आहेत. आक्कांच्या लुगड्याचा तो गर्द हिरवा मला मिळणार नाही, आणि याचं वाईट वाटतं. सांगलीच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी वीस अंशांवर आणायला बर्फ लागेल, तो आणू. अंधाराचा हिशेब वेगळाच. दोन्ही डोळे आणि कान नीट यायचे तर छिद्र एफ आठपर्यंत लहान करावं लागतं. चारशेच्या फिल्मवर घराच्या आत त्याला अर्धा सेकंद लागतो, म्हाताऱ्या मानेला तेवढा वेळ स्थिर राहणं जड जातं. तीच माणसं उंबऱ्याशी, ओसरीवर येऊन बसली, तर सेकंदाच्या साठाव्या भागात काम होतं. म्हणजे फोटो ओसरीवरच काढायचे. तसंही आमच्याकडे दुपारची बैठक तिथंच असते.

विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक सेकंदाचा शटर अडकतो का, आणि भिंगात बुरशी आहे का. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या कॅमेऱ्यांना ती हटकून लागते, कोळ्याच्या जाळ्यासारखी कडेनं आत सरकत येते. टॉर्च लावून काढलेला भिंगाचा व्हिडिओ त्यानं पाठवला, स्वच्छ आहे.

एका रोलवर बारा फोटो. प्रत्येक माणसाचे दोन काढायचे, एकापाठोपाठ एक, उजेड आणि बैठक न बदलता. मग धुऊन, वाळवून पट्टी कापायची, एक निगेटिव्ह माझ्याकडे ठेवायचं आणि दुसरं प्रिंटबरोबर त्या घरी द्यायचं. स्टुडिओवाले निगेटिव्ह स्वतःकडे ठेवत आले, त्यांचा तो धंदा होता, माझा नाही. बटर पेपरच्या पाकिटात घालून, वर जाड पेननं नाव, गाव आणि तारीख लिहीन. घरातल्या थोरल्या सुनेच्या हातात देईन, कारण कागदपत्रं कुठं आहेत हे घरोघरी तिलाच ठाऊक असतं, आणि सांगेन, की हे सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा.