आनंदी राहा म्हणे

९ जून
आज नऊ तारीख, दर महिन्याच्या तपासणीचा दिवस, म्हणून सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची गर्दी. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन झालं. मग समुपदेशक ताईंनी १० प्रश्नांचा कागद दिला. गेल्या ७ दिवसांत हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, झोप लागली का. १९८७ची ही एडिंबराची प्रश्नावली बाळंतिणींसाठी केलेली, आता गर्भारपणातही वापरतात. सातवा महिना लागला. आजवर जो तो ‘आनंदी राहा, बाळावर परिणाम होतो’ एवढंच सांगत आला. कशी आहेस, हे आधी त्या कागदानेच विचारलं.

१२ जून
ताईंनी सांगितलं होतं म्हणून डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला बसले. मागच्या खेपेचं, तिसऱ्या महिन्यात गेलेलं बाळच समोर आलं. घाबरून उठले. ताई फोनवर म्हणाल्या, डोळे उघडेच ठेवा, जमिनीला टेकलेल्या तळव्यांकडे लक्ष द्या. विचार आला तर हाकलू नका, आला एवढं बघा. दुपारी तांदूळ निवडताना तसं केलं. भीती गेली नाही, पण खडे सापडत राहिले.

१९ जून
अंगणवाडीत ताईंनी आम्हा चौघी गरोदर बायांना एकत्र बसवलं. सोबत पलीकडच्या वाडीतली एक, दोन वर्षांच्या मुलाची आई. म्हणाली, “डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसून पाटावर बसले, नि मनात हेच, की हे बाळ नको.” कुणीही ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही. मग माझंही तोंड उघडलं. घरी त्या गेलेल्या बाळाचा विषयच निघत नाही.

२६ जून
गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने त्या पलीकडच्या वाडीतलीसारख्याच साध्या आयांना शिकवून नैराश्यातल्या गरोदर बायांकडे पाठवलं होतं, ताई सांगत होत्या. मूळ पद्धत पाकिस्तानातली. गोव्याच्या अभ्यासात २८० जणी होत्या, निष्कर्ष २०१९ला छापून आले. फायदा दिसला, पण माफक. मला ते खरं वाटलं. सगळंच बरं झालं म्हणाले असते तर शंका आली असती.

३ जुलै
आमच्यातली एक आज हळूच म्हणाली, जगावंसंच वाटत नाही. तिथे श्वासाचं नाव कुणी काढलं नाही. ताईंना तिथेच बोलावलं, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लावून दिला, तिची आई रात्री सोबतीला आली. उद्या सकाळी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे मी जाणार. तिच्या सासूला सांगितलंय, साखर तपासायला जातोय.