दोन बोटं सनस्क्रीन

बदलापूर म्हटलं की लोकांना लोकलची गर्दी आठवते. मला आठवतं ते ऊन! त्यात माझ्या दोन्ही गालांवर वांग. त्यामुळे सनस्क्रीन ही माझी चैन नाही, डबा-छत्रीसारखी रोजची गरज आहे.

सध्या आमच्या लेडीज डब्यात 'मिनरल'ची चलती आहे. केमिकल नाही म्हणजे सेफ, असा हिशेब. मिनरल म्हणजे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. तीही रसायनंच की! पण त्यांची बाजू भक्कम आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये १६ घटक तपासले, तेव्हा 'सुरक्षित आणि परिणामकारक' हा शेरा फक्त या दोघांसाठी सुचवला. १२ घटकांबद्दल आणखी माहिती मागितली. याचा अर्थ ते घातक ठरले, असा मात्र नाही. फक्त मिनरल स्प्रे किंवा पावडर नाकातोंडात जाऊ देऊ नका, क्रीमच बरं.

मग घोडं अडतं कुठे? अंबरनाथला चढणारी माझी मैत्रीण म्हणते, "अगं, भुतासारखी दिसते मी!" गव्हाळ-सावळ्या रंगावर झिंकचा पांढरा थर उठून दिसतो. मग आपण वाटाण्याएवढंच लावतो. आणि एसपीएफ मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून! चेहरा आणि मानेसाठी म्हणजे दोन बोटं भरून. त्याहून कमी लावलं, तर एसपीएफ ५० फक्त ट्यूबवरच राहतो.

यावर उपाय आहे टिंटेड मिनरल. त्यातलं आयर्न ऑक्साइड पांढरेपणा झाकतं, शिवाय वांग गडद करणारा दृश्य प्रकाशही अडवतं. माझ्या त्वचारोगतज्ज्ञांनी मला हेच दिलंय. रंग जुळतो, म्हणून हात आखडत नाही.

आणि खरेदी? उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'चा जोक आपण सगळ्यांनीच ऐकलाय. दुकान कुठलंही असो, उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच आणि एक्स्पायरी पाहाच. इम्पोर्टेड असेल तर भारतातला नोंदणी क्रमांकही.

उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. विंडो सीट मिळाली, तरीही!