चिखलातील गाडी

भंडारदऱ्याला बर्फ पडत नाही. परंतु आषाढ-श्रावणात घाटघरच्या बाजूने जो पाऊस कोसळतो, तो पाहिला म्हणजे त्या गावाला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात ते उगाच नव्हे, हे पटते. भाताची चिखलणी सुरू झाली की पायवाट कोठे संपते आणि खाचर कोठे सुरू होते, हे डोळ्यांना कळत नाही. ते पायांनाच कळते. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाभोवती आज पर्यटकांच्या मोटारी फिरतात. डोंगरकडेच्या काही वाड्यांतील आजारी माणूस मात्र डांबरी रस्त्यापर्यंत आजही झोळीतूनच येतो. बांबूला बांधलेले घोंगडे, दोन्ही टोकांना दोन खांदे आणि वर इरले धरून चालणारा एखादा पोरगा.

आमच्या मिशनच्या आवारात गोठ्यामागे एक मोडकी मॅटाडोर उभी होती. तिला मॅटाडोर म्हणणे हे खरे तर सौजन्य. मिशनच्या एका जुन्या चालकाने तिचे मागचे अंग कापून नव्याने बांधले होते, पाट्यांची संख्या वाढवून ती उंच केली होती आणि चिखलात घसरू नये म्हणून चाकांना गुंडाळायच्या साखळ्या घरीच जोडून तयार केल्या होत्या. आतील बाके प्रार्थनामंदिरातून आलेली. गुडघे टेकण्याची फळीदेखील एका बाकाला तशीच राहिली आहे. चालक आता देवाघरी आहे. गेल्या वर्षी त्याच्या मुलाने, तो राजूरला गॅरेज चालवतो, ही गाडी पुन्हा उभी करण्याची परवानगी मागितली. धर्मग्रामाच्या सभेत मतभेद झाले. भंगारवाल्याने बरी किंमत सांगितली होती. "फादर, हेच पैसे नर्सिंगला गेलेल्या दोन मुलींच्या फीला होतील," असे एक तरुण स्पष्टपणे म्हणाला. त्याचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नव्हते. शेवटी फीची सोय वेगळ्या वर्गणीतून झाली आणि गाडी वाचली.

काम सुरू झाले आणि मला वारंवार आठवू लागला तो कॅनडातील एक फ्रेंचभाषी कॅथॉलिक कारागीर, जोसेफ-आर्मां बोंबार्दिए. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर या खेड्यात १९०७ साली त्याचा जन्म झाला. मुलाने धर्मगुरू व्हावे ही वडिलांची इच्छा. म्हणून त्याला शेरब्रूकच्या सेमिनरीत धाडले. पण मुलाचे चित्त यंत्रात. (आमच्या सेमिनरीतही असे एकदोन होते, चॅपेलची घंटा बिघडली की त्यांचे चेहरे खुलत.) १९२२ च्या अखेरच्या दिवशी, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने फोर्डच्या जुन्या मोटारीचे इंजिन घसरगाडीवर बसवले, मागे विमानासारखा पंखा लावला आणि भावासह बर्फावरून सुसाट निघाला. वडिलांनी तो उघडा फिरता पंखा पाहून गाडी मोडून टाकायला लावली. कोणत्याही बापाने हेच केले असते.

त्या काळी तेथील खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात बर्फाखाली जात आणि मोटारी वसंतापर्यंत उभ्या राहत. १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्दिएचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन आंत्रपुच्छाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. इस्पितळ शेरब्रूकला, रस्ता बर्फाने बंद, आणि बापाच्या गॅरेजमधील बर्फगाडी अद्याप अपुरी. मूल गेले. पुढच्याच वर्षी त्याने दातेरी चाकावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याची रचना सिद्ध केली. १९३७ साली तिचे पेटंट मिळाले. तत्त्व साधेच आहे. वजन अरुंद चाकावर पेलले तर बर्फ खचतो, रुंद पट्ट्यावर पसरले तर तो पेलून धरतो. आपला शेतकरी चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतो, त्यामागेही हाच विचार आहे. त्याच्या बारा आसनी गाड्या पुढे शाळेची मुले, टपाल आणि रुग्ण यांची ने-आण करू लागल्या. १९५९ साली आलेल्या त्याच्या छोट्या 'स्की-डू' गाड्यांपैकी अगदी सुरुवातीची एक ओंटारिओच्या उत्तरेकडील मिशनरी फादर मॉरिस विमे यांच्याकडे गेली, हे वाचून मला विशेष आनंद झाला.

आपल्याकडेही असे कारागीर आहेत. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. तिच्या बदल्यात त्यांना २०२२ साली आनंद महिंद्रा यांच्याकडून नवी बोलेरो मिळाली. ही गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, हे महिंद्रांनी त्याच वेळी सांगितले होते. आमच्या गाडीलाही तोच कायदा लागू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार कारखान्याच्या मूळ रचनेत असे फेरफार चालत नाहीत. म्हणून ती दुरुस्त झाली तरी आवाराबाहेर जाणार नाही.

मग दुरुस्त कशासाठी, आणि कशी? कारखान्याच्या गाडीला पुस्तक असते, मूळ रंग कोणता, नट कोणता, सारे त्यात मिळते. घरी बांधलेल्या गाडीचे पुस्तक तिच्या कर्त्याच्या डोक्यात असते आणि ते त्याच्याबरोबर जाते. मुलाने गंज खरवडला तेव्हा छताखाली, पुढे एक आणि मागे एक, अशा दोन लोखंडी बेचक्या निघाल्या. सलाईन टांगायला म्हणाव्यात तर फार जाड, सामानाला म्हणाव्यात तर फार वर. वेल्डिंगचे काम बेढब दिसते म्हणून त्याने त्या कापायचे ठरवले. ग्राइंडर सुरू होणार, तोच मिस्सेनंतर आवारात रेंगाळलेली एक आजी पुढे आली.

"कापू नको रं बाळा. दांडी ठेवायची ती."

"कसली दांडी, आजी?"

"झोळीची. तुझा बा झोळी सोडू द्येत नव्हता. दांडीसकट आत घ्यायचा न् त्यावर ठेवायचा. बाकावर निजवलं का धक्के बसत्यात. झोळीत नुसतं झुलतं."

ती स्वतः बाळंतपणाच्या वेळी तशीच राजूरला गेली होती. मुलगा बराच वेळ त्या बेचकीवर हात ठेवून उभा होता. कोणत्या प्रसंगाने बापाला हे सुचले, ते त्यालाही ठाऊक नाही, आजीलाही नाही. आम्ही तर्क केला नाही.

त्या दिवसापासून त्याने कामाची रीत बदलली. जे कळत नाही ते कापायचे नाही, आधी वाडीवर विचारून यायचे. रंगाचा डबा बाजूला पडला. सणाला गाडी चकचकीत करून फुलांनी सजवावी, असे सुचवणाऱ्यांची थोडी निराशा झाली; मला ती झाली नाही. गुडघे टेकायची फळी रुग्णाच्या पाठीमागे बसणाऱ्या बाईला पाय टेकायला होती, हेही असेच चौकशीतून समजले.

२०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते, पण ती डांबरापर्यंतच. तेथवर झोळी, आणि मग झोळी सोडून रुग्णाला उचलायचे. परवा संध्याकाळी मुलाने टेप लावून दोन बेचक्यांमधील अंतर मोजले. सव्वासात फूट भरले. नंतर तो माझ्या जीपच्या मागच्या भागात शिरला, पुन्हा टेप लावला आणि बाहेर येऊन म्हणाला, "फादर, फूटभर कमी पडतंय. दांडी मागून बाहेर राहील." काढता-घालता येईल अशी चौकट तो कागदावर काढू लागला आहे. पाऊस सुरू व्हायला अजून पाच आठवडे आहेत.