मागणीत कसला मवाळपणा?

आमच्या शीळफाट्यावर मुंब्रा, कल्याण, पनवेल आणि महापे अशा चार दिशांच्या वाटा येऊन मिळतात. रस्त्यांची अशी श्रीमंती, पण पाण्याची मात्र कायमची ददात! बारवी धरणाचे पाणी वाहून नेणारे अजस्र नळ कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेने दिमाखात जातात आणि आमच्या चाळीतील बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसतात. ही विसंगती ज्याला सलत नाही त्याने राजकारणात पडू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मला ती सलली, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी एका पक्षाच्या शाखेत जाऊ लागलो. पक्षाचे नाव सांगत नाही. माणसे सज्जन, विचार पुरोगामी. जातपात मानायची नाही, मतांसाठी पैसा वाटायचा नाही. आणखी काय हवे? पण पाण्याच्या निवेदनाचा मसुदा निघाला तेव्हा मी चकित झालो. ‘ठरलेल्या मुदतीत प्रत्येक घरी नळ’ एवढेच मी सुचवले होते. वडीलधारे तात्या हसून म्हणाले, “बाळा, मिळण्याजोगे असेल तेवढेच मागावे.” शेवटी काय मागितले? आठवड्याला एक जादा टँकर, तोही ‘नम्र विनंती’पूर्वक! निवडणुकीचा विषय निघाला, तर मोठ्या मित्रपक्षाने एखादी जागा सोडली तरी पुष्कळ, यावर सर्वांचे एकमत.

तात्या स्वतःला अभिमानाने मवाळ म्हणवतात. पण वाचकहो, मवाळांचे मेरुमणी नामदार गोखले यांनी काय मागितले होते? 1911 साली, परक्या सरकारच्या कायदेमंडळात, त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. 1912 साली ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. हरणार हे गोखल्यांना कळत नव्हते थोडेच! तरी त्यांनी मागणी कापून लहान केली नाही. शिक्षण हक्काचा कायदा व्हायला 2009 साल उजाडले. पण वाट त्यांनी दाखवली होती. त्यांची भाषा मवाळ होती, मागणी नव्हे.

समाजवाद्यांचेही तेच. एस. एम. जोशी यांच्याइतका ऋजू पुढारी विरळा. पण संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस म्हणून त्यांनी मुंबईसह अख्खे राज्य मागितले आणि 1960 साली ते मिळाले. पुढे याच प्रजासमाजवादी परंपरेतील अशोक मेहता 1964 मध्ये काँग्रेसमध्ये गेले. 1977 साली तर उरलेला समाजवादी पक्ष जनता पक्षात विसर्जित झाला आणि दोन वर्षांत ते सरकारही कोसळले. दुसऱ्याच्या घरात कोपरा मागण्याची सवय लागली की स्वतःचे घर बांधायचे राहूनच जाते.

तात्यांचा एक मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. ते म्हणतात, “मोठ्या घोषणा करणारे पुष्कळ पाहिले, टँकर आणणारा एकही नाही.” खरे आहे. तहानलेल्याला टँकरही अमृतच. पण गोरेगावच्या मृणाल गोरे पाण्याच्याच प्रश्नावर झगडून ‘पाणीवाली बाई’ झाल्या, महागाईविरुद्ध बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले आणि 1977 साली लोकसभेत गेल्या. प्रश्न हंड्याएवढा असला तरी राजकारण हंड्याएवढे असावे लागत नाही.

आणि लहान मागणीची किंमत कोण मोजतो? एप्रिल 2013 मध्ये याच शीळफाट्यावर एक अनधिकृत इमारत कोसळून 74 जीव गेले. गरिबाला परवडेल असे कायदेशीर घर मिळत नाही, म्हणून तो अशा भिंतींच्या आसऱ्याला जातो. अशा वेळी केवळ चौकशी आणि नुकसानभरपाई मागून थांबणाऱ्या पक्षाला सज्जन म्हणता येईल. पुरोगामी कसे म्हणावे?

मी शाखा सोडणार नाही. पुढच्या बैठकीत नळाचा आणि घराचा ठराव लेखी मांडणार आहे, भाषा अगदी तात्यांना शोभेल अशी ठेवून. गोखल्यांना निदान 13 मते पडली. आमच्या शाखेत एरवी तेरा माणसेही जमत नाहीत. पण एक मत पक्के आहे, दुसरे मिळवायचे आहे.