शेवटून पहिली

आमच्या शाळेत धावण्याच्या शर्यतीत क्रमांक तीनच काढत. चौथीपासून पुढच्या साऱ्याजणी सारख्याच, त्यांची कुणी नोंद ठेवत नसे. माझी मात्र न लिहिता राहायची, कारण मी शेवटून पहिली. शंभर मीटरच्या त्या शर्यतीत मी पोचेपर्यंत सरांनी फीत गुंडाळलेली असे आणि फक्कीच्या रेघेवर पुढच्या गटातल्या मुली येऊन उभ्या असत. मी त्यांच्यातूनच वाट काढत बाजूला व्हायचे. हसणाऱ्या मुलींचा राग यायचा नाही. "शाब्बास, पूर्ण केलीस हं" म्हणणाऱ्या बाईंचा यायचा.

हे 1984 च्या आसपासचं. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं आणि आमच्या घरी दिवसभर हळहळ चालली. जगात चौथी आलेली बाई, आणि तिच्यासाठी माणसं हळहळतात! मला ते काही झेपलं नव्हतं. त्याच ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा मॅरेथॉन धावल्या, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळलं. 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली होती. संपल्यावर काहीजणी दमून जमिनीवर आडव्या झाल्या, तेवढ्यावरून हे अंतर बायकांना झेपत नाही असं पदाधिकाऱ्यांनी ठरवून टाकलं. मग 1960 पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना दोनशे मीटरच्या पुढे धावूच दिलं नाही. शर्यत संपवून पुरुष कोसळला तर तो जीव तोडून धावलेला असतो. असो.

हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "दमल्या तर दमल्या. पाणी द्यायचं. शर्यत बंद कशाला करायची?"

शाळा सुटल्यावर मी पळाले ती फक्त एसटीमागे. बँकेची शाखा कोरेगावला, घर साताऱ्यात. गाडी फलाटावरून मागे घेत असायची, कंडक्टर दारात, आणि मी एका हातात डबा, दुसऱ्या हातात निऱ्या धरून धावतेय. खिडकीतून बघणारे सगळे ओळखीचे. चढले की कोरेगावचा निम्मा रस्ता धाप जिरेपर्यंत जायचा. त्यामुळे पळणं म्हटलं की माझ्या डोक्यात हेच: जीव खाऊन, थोडंसं, आणि लोकांच्या देखत.

अशा बाईचं नाव बँकेतल्या धाकट्या सहकारणीने सातारा हिल हाफ मॅरेथॉनला घातलं. "मॅडम, तुमचंपण टाकलं," एवढंच म्हणाली. ही शर्यत 2012 पासून होते. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि आल्या वाटेने उतरायचं. एकूण 21.1 किलोमीटर. त्यातला तो शेवटचा .1 म्हणजे शंभर मीटर. शाळेतली अख्खी शर्यत इथे वरकड म्हणून येते. 2015 मध्ये डोंगरावर धावणाऱ्यांच्या इथल्या गर्दीची गिनीज बुकात नोंद झाली, हेही तिनेच कौतुकाने सांगितलं. मला कौतुक कसलं, धडकी भरली. शेवटून पहिलं यायचं तर आता हजारोंच्या मागे यायचं. बरं, हल्ली नंबराच्या कागदाला चिप लावलेली असते. शेवटच्या माणसाचाही क्रमांक, वेळेसकट, निकालात येतो.

तयारीत पहिली गोष्ट शिकवली ती हळू पळायची. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. "काकू, पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नाही म्हणजे तुम्ही जोरात पळताय." मला वाटलं, माझं वय बघून समजूत घालतोय. पण त्यामागे शास्त्र आहे. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूबंध यांना मात्र महिने लागतात. नवशिक्याला दम वाढल्याचा आनंद होतो, तो वेग वाढवतो आणि नडगी धरून बसतो. अमेरिकेचा जेफ गॅलोवे तर 1972 च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला माणूस, आणि त्याने नवख्यांना शिकवलं काय, तर थोडं पळा, थोडं चाला, आणि दमायच्या आधीच चाला. दमायच्या आधी थांबायची परवानगी मला आजवर ना शाळेने दिली होती, ना संसाराने.

मग पावसाळाभर पहाटे समर्थ मंदिराकडून घाट. सुरुवातीला कुत्री मागे लागत, पुढे त्यांनाही माझ्या वेगात गंमत वाटेनाशी झाली. घाटात एका वळणावर कडेला शेवाळ इतकं दाट की तिथे पाऊल आडवंच टाकावं लागतं. वरून कातळाचं पाणी नेमकं मानेवर पडतं. तिथेच एकदा वर निघालेला दूधवाला मोटारसायकल हळू करून शेजारी आला. रिकाम्या किटल्या खडखडत होत्या.

"ताई, गाडी चुकली का? बसा की मागं, सोडतो वर."

"नाही हो, पळतेय."

त्याने जरा निरखून पाहिलं. "व्हय? मग चालू द्या," म्हणाला आणि गेला. मी चढावर त्याच्याशी धाप न लागता बोलले होते, हे त्याला काय सांगणार!

चढाचं भय सगळ्यांना असतं, खरा त्रास उताराने होतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिन्यावरून खाली येताना कठड्याला लोंबकळावं लागतं. अंगठ्याचं नखही काळं पडलं. सासूबाईंनी त्यावर हळद लावली आणि घरात आल्यागेल्या प्रत्येकाला ते नख दाखवलं.

आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दहावी आली. दहाव्या क्रमांकाचं एवढं कौतुक मी तोवर ऐकलं नव्हतं. तिच्याशी माझी काय बरोबरी, पण तीनच्या पुढेही आकडे असतात, हे एव्हाना मला पटायला लागलं होतं.

शेवटच्या दोन आठवड्यांत पळणं कमी करायला सांगतात, स्नायू भरून यावेत म्हणून. पाय मोकळे राहिले की डोकं पळू लागतं. रताळी खाल्ली, बुटांच्या नाड्या पुन्हा ओवल्या, नंबराचा कागद टी-शर्टला चारी कोपऱ्यांत टाचून बघितला, काढला, परत टाचला. आदल्या रात्री जेवताना मी एकदाचं बोलून टाकलं, की शर्यतीच्या शेपटाला एक गाडी असते. जे वेळेत बसत नाहीत त्यांना ती उचलून आणते आणि रस्त्याच्या दुतर्फा उभा असलेला अख्खा सातारा ते बघतो.

सासूबाईंनी घास थांबवला. "म्हणजे गाडी असते होय मागं? आणि मी इतके दिवस काळजी करतेय, ही वर जाऊन उतरणार कशी! तिकीट लागतं का गं त्या गाडीला?"

"नाही हो आई."

"मग त्यांना विचारून ठेव, आपल्या कोपऱ्यावर थांबतात का. नाहीतर उतरून परत चालत यावं लागायचं."