तडतड कुठून येते?

गेल्या सप्टेंबरात आम्ही जपानात सेंदाईला नातवाकडे होतो. तो तोहोकू विद्यापीठात शिकतो आणि हौसेने गिटार वाजवतो. १९९१ पासून सप्टेंबरात जोझेन्जी रस्त्यावर, केयाकीच्या झाडांखाली जाझचा महोत्सव भरतो. त्याला दोन दिवस उरले आणि नातवाचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तडतडू लागला.

वाचकांना आपले जुने रेडिओ आठवत असतील. खरखर झाली की आमचे बाबा वरून थाप मारीत. नातवानेही हात उगारला. आम्ही म्हटले, “थांब बाळा, आधी रोगी तपासू.”

गिटारची वायर काढली. तडतड चालूच, म्हणजे गिटार व वायर निर्दोष. आवाजाचे बटण शून्यावर नेले. तडतड थांबली, म्हणजे दुखणे बटणाच्या आधीच्या भागात. मग जेवणाच्या लाकडी काडीने लहान व्हॉल्व्हना हलकेच टिचक्या मारल्या. पहिलाच तडतडला. बंद करून, थंड झाल्यावर तेवढाच बदलला. तरी तेच!

नातू पेटी उघडायला निघाला. आम्ही साफ नाही म्हटले. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात. विजेचा धक्का बसलेले रोगी आम्ही वॉर्डात पाहिले आहेत. तो रुसला आणि महोत्सवात मित्राच्या अँप्लिफायरवर वाजवले.

पुढे कारागिराने दाखवले : व्हॉल्व्हच्या बैठकीखालचे डाख तडकले होते. बाबांच्या रेडिओचेही तेच असेल. थापेने आवाज थांबे, दुखणे तसेच राही.