फासावर चढलेलं नाव

काल्विन तेर स्थानकातून वर आलो तो बुडापेस्टमधला माझा चौथा दिवस. एव्हाना तोंडात बसलेला हंगेरियन शब्द एकच, ‘क्योस्योन्योम’, म्हणजे आभार. मोडकीतोडकी जर्मन येते, पण पाट्या वाचायला तिचा काडीचा उपयोग नव्हता. हंगेरियनचं गोत्रच निराळं. तिचं नातं दूरच्या फिनिशशी.

राष्ट्रीय संग्रहालयाला वळसा घातला आणि मागच्या पोलाक मिहाय चौकात फेश्तेतिच घराण्याचा वाडा दिसला. पुढे ऑपेरा हाउस बांधणाऱ्या मिक्लोश इब्लनं तो १८६२च्या सुमारास उभारला. आत गेलो आणि जिन्यावरच्या मुलांचं बोलणं चक्क कळू लागलं. हे आंद्राशी विद्यापीठ. स्थापना २००१ची, विद्यार्थी काहीशेच. पदव्युत्तर पदवी नाहीतर पीएच.डी., आणि शिकवणं जर्मनमधून. हंगेरीच्या जोडीला ऑस्ट्रिया, जर्मनी आणि बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेम्बर्ग ही जर्मन राज्यं यात भागीदार आहेत.

याच भाषेची एकेकाळी इथं सक्ती होती. १७८४ मध्ये हाब्सबर्ग सम्राट दुसऱ्या योसेफनं लॅटिन हटवून जर्मन ही कारभाराची भाषा केली. उमराव बिथरले आणि १७९० मध्ये, मरणाच्या तोंडावर, त्याला आपले बहुतेक हुकूम मागे घ्यावे लागले. हंगेरियन राजभाषा व्हायला १८४४ उजाडलं. चारच वर्षांनी, १५ मार्च १८४८ला, या संग्रहालयासमोर माणसं जमली आणि क्रांती पेटली.

तिच्यात उतरलेला तरुण काउंट म्हणजे ड्युला आंद्राशी. उठाव चिरडला गेला तेव्हा तो परदेशात होता. माणूस हाती लागेना, म्हणून १८५१ मध्ये हाब्सबर्ग सत्तेनं त्याचं नावच फासावर चढवलं. पॅरिसमध्ये तो ‘फाशी गेलेला देखणा’ म्हणून मिरवला! पुढे १८६७ मध्ये हाब्सबर्ग सत्ता आणि हंगेरी यांच्यात समेट झाला. आंद्राशी हंगेरीचा पंतप्रधान झाला आणि १८७१ मध्ये साऱ्या ऑस्ट्रिया-हंगेरीचा परराष्ट्रमंत्री. सम्राट १८५१ मधलाच, फ्रान्झ योसेफ.

जर्मन विद्यापीठाला हंगेरियन बंडखोराचं नाव कसं, हा प्रश्न घेऊन मी जिना चढलो होतो. उतरताना तो उरला नाही. समेट म्हणजे काय, हे या माणसाइतकं कुणाला ठाऊक?

बाहेर पडताना पहारेकऱ्यानं दार धरलं. जिभेवर जर्मन चढली होती, ‘डांके’ म्हणून गेलो. तो हसला आणि हंगेरियनमध्ये म्हणाला, ‘सीव्हेशेन’. आनंदानं!